मुक्ताबाईचं पोर

आमच्याकडं पोर विकायची रीत होती. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथली बाई नवं मूल सुपात घालून शेजारणीच्या दारात आणायची. शेजारीण मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायची आणि लगेच म्हणायची, "माझ्याच्यानं न्हाई व्हत बाई, तूच संभाळ." मूल आल्या पावली आईकडं परत. मरण दारात आलं तर त्याला सांगायचं, या घरचं पोर नाहीच हे. मग गूळ वाटायचा, हसायचं, की झालं. माझा धाकटा भाऊ असाच विकलेला होता. आई रागावली की म्हणायची, "जा तुझ्या धनिणीकडं," आणि तो खरंच ऐटीत तिच्याकडं जेवायला जायचा.

साळूबाईनं मात्र तो खेळ खेळासारखा सोडला नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. तिसगावच्या अलीकडं आमची वस्ती. साळूबाईच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तिचा मुलगा रंगनाथ शेळ्यांचा व्यापार करायचा. घोडेगावचा बाजार, तिथून संगमनेर, असा टेम्पोबरोबर फिरत असायचा. सून जयमाला. तिची पहिली मुलगी रुपाली चालती-बोलती होऊन तापानं गेली. दुसरं बाळ बारशापर्यंतही राहिलं नाही. दोघांनाही शेवटची आंघोळ साळूबाईनंच घातली होती.

तिसरा मुलगा झाला, तेव्हा तिनं तो माझ्या दारात आणला. मी कोंडा दिला आणि रीतीप्रमाणं पोर परत केलं. पण घरात शिरताच साळूबाईनं सुनेला बजावलं, "हे आता मुक्ताबाईचं. पाच वर्सांचं व्हईस्तवर त्याला नावानं हाक मारायची न्हाई, मुका घ्यायचा न्हाई, त्याच्याशी बोलायचं बी न्हाई. पाजायचं आन खाली ठिवायचं. जीव लावलास की ते बघतंय."

कोण बघतंय, हे तिनं कधी सांगितलं नाही. मुलाचं नाव मढीच्या नाथांवरून कानिफ ठेवलं होतं, पण ते पाळण्यात एकदा कानात सांगितलं तेवढंच.

मी तिला म्हटलं, "साळूबाई, अगं रीत तेवढ्यापुरती असती."

"तुझी समदी जगली. तू नगं शिकवू."



जयमाला लग्न होऊन आली तेव्हा फार बडबडी होती. भाकरी थापतानासुद्धा कोंबड्यांशी बोलायची आणि भिंतीअलीकडं मी एकटीच हसायची. आता तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. पाजताना ती तोंड दाराकडं फिरवून बसे. केस विंचरायची नाही. एकदा मी गेले तर चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि ही समोर बसून बघत होती. रंगनाथ यायचा, ओट्यावरून हसत मला विचारायचा, "नानी, तुमचं पोर बरं हाय न्हवं?" आणि त्या पोराला न शिवताच पुढच्या बाजाराला निघायचा. त्याचं हसू ओट्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा टिकत नसे.

पोर वाढत होतं. रांगलं, उभं राहिलं, चालायला लागलं. पण बोलत नव्हतं. पडलं तरी रडत नव्हतं. आपण रडलो तर कुणी येतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. लहान मूल असलेलं घर, आणि भिंतीपलीकडं नुसती शांतता.

मग एका उन्हाळ्यात मला पलीकडून हसू ऐकू यायला लागलं. भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना. पोर हसायचं, थांबायचं, पुन्हा हसायचं. मधे कुणीतरी काहीतरी सांगत असावं, असं ते थांबणं होतं.

एके दिवशी साळूबाई तिसगावला बाजाराला गेली, तेव्हा मी तुरी पाखडायच्या निमित्तानं जयमालापाशी जाऊन बसले. पोर आत कणगीजवळच्या कोपऱ्यात होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, अर्धा तोंडात घातला आणि अर्धा हात लांब करून कोपऱ्याकडं धरला. थोडं सरकून त्यानं जागाही करून दिली.

"हे रोजचं हाय," जयमाला माझ्याकडं न बघता म्हणाली.

तेवढ्यात पोर उठलं. त्यानं आमच्याकडं पाठ केली, दोन्ही हात मागं पसरले आणि उलट्या पावलांनी जयमालाकडं यायला लागलं.

तिच्या हातातलं सूप निसटलं. तुरी सगळीकडं पसरल्या. मांडीवर घ्यायला लावायचं असलं की रुपाली अशीच यायची. पाठमोरी, हात मागं टाकून, मांडीत धपकन बसायची. आख्ख्या आळीत तसं दुसरं मूल नव्हतं, आणि हे पोर तर ती गेल्यावर जन्मलेलं.

"नानी, ह्याला कुनी शिकवलं?"

ती मागं सरत भिंतीला टेकली. पोर तिच्या पायांवर आपटलं, वाट बघत उभं राहिलं. तिनं हात छातीशी आवळून धरले होते. जवळ घ्यायचं नाही, हे तिच्या हाडात गेलं होतं. थोड्या वेळानं पोर निघालं, कोपऱ्यापाशी जाऊन वळलं, पाठमोरं मागं सरलं आणि सावकाश खाली बसलं. कुणाच्या तरी मांडीत बसावं, तसं. मान कलती करून त्यानं डोळे मिटले. कुणी केसांतून हात फिरवला की मुलं मिटतात, तसे.

"ती घेतीया त्याला," जयमाला कुजबुजली. आणि मग ती ओरडली, "कानिफ! ए कानिफा, इकडं ये!"

पोर हललं नाही.

"कानिफा! अरं, आई हाय मी!"

डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्याला ते नाव ओळखीचंच नव्हतं. आई हा शब्दही त्यानं ऐकलेला नव्हता. जयमाला गुडघ्यांवर बसली. तिच्या तोंडून रडतारडता निघून गेलं, "रुपे..."

पोरानं झटकन डोळे उघडून तिच्याकडं बघितलं.

रुपाली गेल्यापासून ते नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. साळूबाईनं घेऊच दिलं नव्हतं. मी पोराकडं बघत होते, पण जयमाला बघत होती त्याच्या मागं, कोपऱ्यात. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"रुपे, लई संभाळलंस गं बाई त्याला. माझंच काम व्हतं ते. आता मला दे."

छपराचा पत्रा उन्हानं कडकडला. पोरानं मागं वळून वर बघितलं, जाऊ का म्हणून विचारावं तसं. बराच वेळ बघितलं. मग उठलं आणि तुरी तुडवत चालत आलं, तोंड आमच्याकडं करून. जयमालानं त्याला इतकं आवळलं की ते रडलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं.

साळूबाई पिशवी घेऊन दारात आली ती हे ऐकतच.

"जयमाले! जवळ घेतलंस त्याला? आगं ते बघतंय!"

"बघू द्या. आपुन कुनी बोललो न्हाई, आत्याबाई, म्हनून त्यानं बोलनारं दुसरं गाठलं. कानिफ नाव हाय ह्याचं. तुमी बी हाक मारा."

"म्या न्हाई बाई..."

"मारा. न्हाईतर ते परत तिकडं जाईल."

साळूबाईनं कोपऱ्याकडं बघितलं. तिला तिथं काय दिसलं, हे मी तिला कधीच विचारलं नाही. ती उंबऱ्यावरच मटकन बसली. पिशवीतले कांदे घरंगळत आत आले. ओठ दोनदा नुसतेच हलले आणि मग घोगरा आवाज आला, "कानिफा..."

पोर रडता रडता थांबून तिच्याकडं बघायला लागलं.

आणि जयमालानं त्याला सांगायला सुरुवात केली. ही आजी. हा कांदा. ही तूर. हे तुझं नाक, ही तुझी मूठ, ही मी. दिवेलागण झाली तरी ती थांबली नाही. आणखी कुणी ऐकत असेल तर त्यालाही ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं ती बोलत होती.