देवकीच्या वाटेतला उंबरठा

मी उंबरठा बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर लोक मला ओलांडून पुढे गेले, दोन शब्द ऐकायला कुणी थांबलं नाही. तुम्ही थांबलात, बरं वाटलं.

माझं घर मुरबाडहून वैशाखऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. जातीचा मी साग. घरमालक धाकलूच्या बापाने मला दारात बसवलं. घरच्या सगळ्या सुना माप लवंडून माझ्यावरूनच आत आल्या. रोज सकाळी मला हळदकुंकू. माझ्यावर बसायचं नाही, शिंकायचं नाही. एकदा कीर्तनात ऐकलं, हिरण्यकश्यपूचा शेवट उंबरठ्यावर झाला. तेव्हापासून मी स्वतःला देवाच्या नात्यातला समजू लागलो. लाकूड पावसाने फुगतं म्हणतात. मी मानानेच फुगलो.

पुढे धाकलूची मुलं कल्याणला गेली. धाकलू मागच्या लहान घरात राहायला गेला आणि हे मोठं घर एका संस्थेने भाड्याने घेतलं. अपंग माणसांनी मिळून राहावं, आपलं आपण ठरवावं, अडेल तिथे हाताशी कुणी असावं, असं हे घर. भगीरथ आला, त्याला दिसत नाही. जना आली, तिला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते, पण मग ती जन्मात विसरत नाही. देवकी आली ती चाकांच्या खुर्चीतून. मदतीला गावातली अंजू.

संस्थेने देवकीसाठी अंगणातून दारापर्यंत सिमेंटचा छान उतार केला. नारळ फोडला, पेढे वाटले. देवकी झोकात वर आली आणि खुर्चीची पुढची चाकं थाडकन अडली. उताराच्या माथ्यावर मी होतो! चार बोटं उंच. मला सगळे विसरलेच होते. आणि आता आठवलो, तरी देवाच्या नात्यातल्याला हात लावायची कुणाची छाती?

मग रोज अंजू आणि जना देवकीला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवायच्या, पुन्हा आत घ्यायच्या. एक दिवस अंजूची कंबर धरली. देवकी म्हणाली, "मी काय भाताची गोण हाय? आता मला कुणी उचलायचं नाय. माझी मी जाईन, नायतर नाय जाणार."

"अगो, म्हसा गावची जत्रा आली ना!" अंजू म्हणाली.

"मग जत्रेला सांग, देवकीच्या दारात ये."

आणि ती खरंच घरात बसली. संध्याकाळी सगळे अंगणात जमायचे, भाजी निवडायचे, एकमेकांना चिडवायचे. देवकी खिडकीशी. आधी आतून उत्तरं द्यायची, मग तीही बंद झाली. आणि मी? मी घराची मर्यादा राखत होतो म्हणे!

रविवारी सगळे यावर ठरवायला बसले. अंजू म्हणाली, "काढूनच टाकू त्याला." म्हणजे मला! तेवढ्यात भगीरथ बोलला, "नाय हां. पायाला तो लागतो तेव्हा मला कळतं, घर संपलं. नायतर मी उतारावरून जो गडगडंन तो थेट मुरबाडला!"

मी फुगलो. एक तरी माणूस माझ्या बाजूचा!

देवकी भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग." आणि खुर्ची वळवून आत गेली. लांब जाणाऱ्या चाकांचा आवाज भगीरथ ऐकत राहिला. मग तो उठला, माझ्यापाशी आला. पायाने चाचपलं, वाकून हाताने चाचपलं, चौकट चाचपली.

"पायालाच लागाया पायजे असं कुठं हाय?" तो म्हणाला. "हाताला लागला तरी चालंल. त्याला दाराबाजूला उभा करा."

धाकलूला बोलावलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "बापानं बसवलाय रे. लक्ष्मी याच्यावरूनच घरात येते."

आतून देवकी म्हणाली, "बाबा, लक्ष्मीचं पण वय झालं असंल. तिचं गुडघं नाय दुखत?"

 धाकलू खांदे हलवत हसला आणि स्वतःच पहार घेऊन आला.

एका हिसक्यात मी निघालो. खालून वाळवीने मला पार पोखरलं होतं. मला वाटायचं, चौकट मी धरून ठेवलीय. अहो, चौकटीनेच मला धरलं होतं! "हा तर नावालाच होता," धाकलू म्हणाला. त्याच्या बापासमोर म्हणाला नाही, एवढंच नशीब.

खराब तुकडा कापून मला दाराशेजारी भिंतीला उभं ठोकलं. देवकी दारात आली. जना मागे धावली, देवकीने हात वर केला. गेली! इतक्या जोरात गेली की उतार संपला तरी थांबेना. सरळ पेंढ्याच्या ढिगात. सगळे ओरडत धावले. पेंढ्यातून आवाज आला, "उचलू नका गो! आधी हसू तर द्या!"

म्हशाच्या जत्रेला ती गेली. तिथून बैलाच्या गळ्यातलं घुंगरू आणलं आणि माझ्या अंगाला बांधलं. आता भगीरथचा हात लागला की ते वाजतं आणि तो म्हणतो, "संपलं घर."

तुमच्या दारातही माझा एखादा भाऊबंद आडवा पडला असेल. त्याचा मान राखा, पण एकदा वाकून बघा, तो कुणाच्या वाटेत तर नाही ना.

देवकी मात्र मला हात लावत नाही. तिला गरजच नाही. ती झपकन बाहेर जाते आणि घुंगरू किंचित किणकिणतं. अंजू म्हणते, वारा असेल. मी म्हणतो, मला सांगून गेली. जुनी खोड आहे, जायची नाही.