गोषवाऱ्यातून गळलेली खूण

क्रेनच्या कंपनीत ताईचा भाव वधारला तो छाटणीमुळे. क्रेन चालवणारा प्रोग्राम म्हणजे हजारो फायलींचं खटलं. कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने, तो सगळा एकदम नजरेखालून घालायचा आणि जे कुणीच वापरत नाही ते कापायचं, तेव्हा कुठे क्रेनमधल्या चिमुकल्या कॉम्प्युटरला झेपायचं. पण एवढं एकदम वाचताना मोठमोठी मशीनं मान टाकायची. ताईने शक्कल काढली. अख्खी फाइल वाचायचीच नाही, प्रत्येकीचा चार ओळींचा गोषवारा वाचायचा. काम फत्ते झालं, साहेबांनी पाठ थोपटली.

गोषवारा आटोपशीर ठेवण्याच्या नादात तिने एक खूण गाळली. 'याला बाहेरून बोलावणं येतं, हात लावू नका,' एवढंच ती खूण सांगायची. जादा वजनाचा भोंगा प्रोग्राममधलं कुणी वाजवत नाही, दोरावरचा वजनकाटा वाजवतो. आता कंपायलरला कुठली अक्कल? कुणी बोलावत नाही म्हणजे बिनकामाचा, असं धरून त्याने भोंगाच छाटला. तपासणीत हे सापडायला हवं होतं. पण छाटणीला फार वेळ लागतो, म्हणून तपासणीवाले न छाटलेलाच प्रोग्राम तपासत. तिथे भोंगा ठणाणा वाजायचा.

ताईचा धाकटा भाऊ बंदरावर तीच क्रेन चालवायचा. भोंगा गप्प, म्हणून त्याने बेधडक खोका उचलला. दोर तुटला आणि खाली हुक लावणारा माणूस जागच्या जागी गेला.

चौकशीवाले म्हणाले, भोंगा वाजला असणारच, ड्रायव्हरने दुर्लक्ष केलं. ताईने छाटलेला प्रोग्राम उघडून पाहिला, तर भोंगा त्यात नव्हताच. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले की पुढच्या आवृत्तीत भोंगा गुपचूप घालून टाकू, तू तोंड उघडलंस तर सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल.

ती तडक भावाकडे गेली. त्याची बायको ताट झाकून बसली होती, तो जेवायला उठत नव्हता.

"ताई, वाजला असेल गं," तो म्हणाला. "सगळे म्हणतात तर वाजलाच असेल. माझंच लक्ष नसेल."

पोराने स्वतःच स्वतःला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"वाजला नव्हता. माझ्या कामात तो कापला गेला. साहेबांनाही ठाऊक आहे."

तो उठला. त्याने पायात चपला सरकवल्या.

"चल," तो म्हणाला. "हे त्या गेलेल्या माणसाच्या बायकोला तूच सांग."