हातमोज्यांची पावडर

सिंधूताईचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. त्र्याऐंशी साल. नागपुरातल्या ज्या ऑपरेशन थेटरात तिनं सिस्टर म्हणून एकोणीस वर्षं हुकूम चालवला, तिथंच आज तिची जया टेबलावर होती, अन् तेही दुसऱ्यांदा! दोन वर्षांखाली अपेंडिक्स काढलं, तेव्हापासून पोरीचं पोट घडीघडी आवळायचं. आता तर घोटभर पाणीही टिकेना. आतडी एकमेकांना चिकटली, म्हणे. आज सोडवली नाहीत, तर पोर हातची जायची.

हात धुण्याच्या खोलीत नवे सर्जन कृष्णकांत समजावत होते. "सोडवतो, सिस्टर. पण कापलं की आत व्रण धरतो, अन् आतडी पुन्हा चिकटू शकतात. एक दिवस पेशीतल्या जनुकालाच औषध देऊन हे थांबवतील. परवाच वाचलं."

"एक दिवस म्हणजे कधी?"

"वीस-तीस वर्षं लागतील."

सिंधूताई भडकलीच. "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी! पोरगी माझी आज टेबलावर आहे, अन् तुम्ही मले तीस वर्षांचा वायदा करून राहिले?"

कृष्णकांतांनी हातमोजे चढवले. पांढरा धुरळा उडाला.

"एवढी पावडर? कोणी टाकली?"

"म्या टाकली. काहून? वापरून धुतलेले मोजे जंतू मारायच्या वाफेत चिकटतात. चिकटले का फाटतात."

"अहो, ही पोटात सांडली की आतडी जास्तच चिकटतात! मोजे घातल्यावर वरून धुवायचे असतात. मागच्या वेळी धुतले होते?"

सिंधूताईला जयाचं मागचं ऑपरेशन आठवलं. धुतले कुठले! या थेटरात हातात चढवलेले मोजे कधीच कोणी वरून धुतले नव्हते. उलट, पोटची पोर म्हणून त्या दिवशी तिनं दोन मुठी पावडर जास्तच टाकली होती. मोजे सरसर चढले म्हणून तेव्हाचे मोठे डॉक्टर खूशही झाले होते. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

तिनं उकळून गार केलेलं पाणी उचललं अन् त्यांच्या हातांवर ओतलं. मग पुन्हा ओतलं.

"झालं, सिस्टर. स्वच्छ झाले."

"धुवा म्हणते ना!"

तेवढ्यात आतून जयाची बारीक हाक आली. "माय, मागच्या बारीसारखी यंदाही तूच तयारी केली ना वं? मंग मले भेव नाही."

"हो, बाई," सिंधूताई म्हणाली, अन् तिनं आणखी पाणी ओतलं.