दुखलं तर हात वर करा

मी एक मोटारबोट बोलतेय. अंगानं अ‍ॅल्युमिनियमची, लांबीनं बारा फूट, आणि वय विचारू नका. लाज वाटते म्हणून नव्हे, मलाच नक्की आठवत नाही. गंज मात्र मला कधी चढला नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वयाच्या लोखंडी वस्तू कशा दिसतात ते मी पाहिलंय.

सध्या माझा मुक्काम एका घराच्या पोर्चमध्ये आहे. पोर्च मुळात गाडीसाठी बांधलेला. पण गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि मी आत सावलीत. यावरून त्या घरात जे महाभारत घडलं, तेच आज सांगायचंय. पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सुरुवात करायची असते, तेव्हा जरा धीर धरा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रे कापले, वाकवले आणि दोन कामगारांनी ते रिव्हेट मारून जोडले. रिव्हेट म्हणजे टोपी घातलेला जाडसर खिळा. तो भोकात घालायचा, एकानं बाहेरून त्याच्या टोपीवर हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं आत बसून त्याच्या शेपटीवर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. शेपटी चेपली की दोन पत्रे जन्माचे एक झाले. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून बोलणं सगळं टकटकीतून. एक टक म्हणजे थांब, दोन टक म्हणजे मार.

माझा पहिला मालक पाणी खात्यातला मोजणीदार. तलावाची खोली मोजायला तो मला घेऊन जायचा. दोरीला वजन बांधून सोडायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि वहीत लिहायचा. वाहवा करायला जवळ कोणी नसल्यामुळे स्वतःच स्वतःला "शाब्बास" म्हणायचा. फार समाधानी माणूस होता.

त्यानंतर मी एका बोट क्लबात गेले. तिथे नवी जोडपी यायची. प्रत्येक नवरा म्हणायचा, "मला येतं चालवता." आणि प्रत्येक नवरा दहाव्या मिनिटाला मला लव्हाळ्यात घुसवायचा. मग बायको हसायची आणि तो इंजिनाला नावं ठेवायचा. इंजिन बिचारं गरीब, त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. अशानंच ते आजारी पडलं असावं.

क्लब बंद पडला आणि माझी साडेसाती सुरू झाली. एका गवंड्यानं मला नेलं. मी म्हटलं, चला, आता गवंड्याबरोबर मासेमारी. कसली मासेमारी! ज्या पोटात थेंबभर पाणी शिरू नये म्हणून माझा जन्म, त्या पोटात हा बाबा बादल्या ओतायचा आणि घमेल्यानं वाळू-सिमेंट टाकून कालवायचा. पुढे त्याला कालवायचं यंत्र मिळालं आणि त्यानं मला त्याच्या आवारात पालथी टाकली. एक मांजर माझ्याखाली तीन वेळा बाळंत झाली. त्या सगळ्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेला मान तेवढाच.

आणि एक दिवस दाताचे डॉक्टर आले.

डॉक्टर नुकतेच निवृत्त झाले होते. घरातला स्वयंपाकाचा ओटा खचला होता, म्हणून गवंड्याला बोलवायला आले होते. गवंडी घरी नव्हता. डॉक्टरांनी सहज म्हणून मला कडेला धरून उलटवलं, माझ्या सिमेंट भरलेल्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अरेरे! किती वर्षं दाखवलंच नाहीत?"

गवंडी आल्यावर म्हणाला, "न्या हो, माझी अडगळ गेली." संध्याकाळी मी टेम्पोतून घरी उतरले. इंजिन एका पोत्यात घालून मागाहून आलं.

दारात त्यांची बायको उभी होती. शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. मीही बाईच म्हणते.

"अहो, गवंडी कुठाय?"

"गवंडी पुढच्या आठवड्यात. आधी हिला बघ!"

"हिला?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं तेव्हाच पाणी झालं असतं. "गवंडी आणायला गेलात आणि हे ध्यान घेऊन आलात?"

बरीच वादावादी झाली. शेवटी बाईंनी निकाल दिला, "दोन महिने. तेवढ्यात ही पाण्यावर तरंगली तर तुमची. नाही तरंगली तर भंगारवाला बोलवीन आणि गाडी पोर्चमध्ये येईल." बाई बोललं ते करणाऱ्या. भंगारवाल्याचा नंबर त्यांनी त्याच रात्री फ्रिजवर चिकटवून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. डॉक्टरांकडे हत्यारं कसली, तर दवाखान्यातली! तोंडात बघायचा छोटा आरसा आणि दात खरवडायची आकडी. त्या आकडीनं त्यांनी माझ्या एकेका रिव्हेटच्या कडेचं सिमेंट काढलं. आणि बोलणंही तेच. "हं, जरा आ करा. घाबरायचं नाही. दुखलं तर हात वर करा."

आता मी हात कुठून आणू? पण बरं वाटायचं. मला आजवर इतक्या प्रेमानं कोणी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. तो छोटा आरसा माझ्या अंगाला लागला की टिकटिक वाजायचा. अगदी बारीक आवाज, घड्याळासारखा. डॉक्टरांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि बाई समोर असल्या की म्हणायचे, "फार गरम आहे गं." चहा गार असला तरी गरमच.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक शेजारी राहतात. ते कशातून निवृत्त झाले ते मला कळलं नाही, सल्ल्यातून मात्र झालेले नाहीत. मी त्यांना सल्लागार म्हणते. डॉक्टरांनी मला रंगारी वापरतात तसल्या लाकडी घोड्यांवर चढवलं आणि नळी लावून पोटात वीतभर पाणी भरलं, तेव्हा सल्लागार भिंतीवरून ओरडले, "अहो डॉक्टर, उलटं करताय! पाणी बोटीच्या बाहेर असतं!"

पण डॉक्टरांचं बरोबर होतं. आतलं पाणी जिथून बाहेर ठिबकतं, तिथूनच बाहेरचं आत येतं. ते माझ्याखाली आडवे झाले आणि प्रत्येक ठिबकणाऱ्या रिव्हेटभोवती खडूनं गोल काढत गेले. अर्धं पाणी त्यांच्या नाकात गेलं. एकूण गोल भरले छत्तीस, म्हणजे माणसाच्या तोंडात असतात त्यापेक्षा चार जास्त.

"वरून गम फासा आणि रंग मारा," सल्लागार म्हणाले. "पाण्याखाली कोण बघायला येतंय?"

"किडलेला दात वरून रंगवला तर बरा होतो का?" डॉक्टर म्हणाले. ते चांगलेच चिडले होते. "छत्तीसच्या छत्तीस बदलणार."

पण रिव्हेटला माणसं लागतात दोन. सल्लागारांना विचारलं, तर त्यांच्या कमरेनं नेमका त्याच दिवशी संप पुकारला. राहता राहिल्या बाई. दोन दिवस त्या नाही नाही म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून माझ्या पोटात येऊन बसल्या. "हे काम लवकर आटपलं तर ओटा लवकर होईल, एवढ्याचसाठी," असं त्यांनी तीनदा बजावलं. कानात घालायला डॉक्टरांनी कापूस दिला, तोही त्यांनी परत केला.

बाहेर डॉक्टर हातोडी घेऊन, आत बाई ठोकळा दाबून, आणि मधे मी, एका कुशीवर कललेली. आतून दोन टक झाले. ठाण, ठाण, ठाण! पहिले चार रिव्हेट झकास बसले. पाचव्याला हातोडी घसरली आणि माझ्या पत्र्यावर पडली. पोचा आला.

"पत्रा फार मऊ आहे," डॉक्टर म्हणाले.

मऊ? मी? सातव्याला दुसरा पोचा आला. "हातोडी जड आहे." आठव्याला तिसरा. आतून एक टक ऐकू आला. थांब.

"अहो," बाई आतून म्हणाल्या.

"काय गं?"

"तुमचा ठेका हलतोय."

"तो पत्रा..."

"पत्र्याला नावं ठेवू नका. तीस वर्षं मी पोरांच्या टाळ्या ऐकल्यात. पत्रा नाही हलत, हात हलतोय. कधीपासून?"

डॉक्टरांनी कपाळ माझ्या कुशीला टेकवलं होतं, ते मला जाणवत होतं. मग ते म्हणाले, "दोन वर्षं होतील."

"म्हणजे दवाखाना कंटाळा आला म्हणून बंद नाही केलात?"

"बरेच दिवस सांभाळून घेतलं. मग एका पेशंटच्या ओठाला सुई लागली. जराशीच. तो काही बोललासुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. तपासून घेतलंय मी. जिवाला काही नाही म्हणाले, पण आता हे असंच राहणार."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार? ज्या हातानं आयुष्यभर कमावलं, तोच... वाटलं, निदान ही बोट या हातानं उभी केली, तर म्हणेन, अजून येतं मला काहीतरी. नाही जमत. बोलव तू भंगारवाल्याला."

माझ्या पोटात गोळा आला. खरं म्हणजे माझ्या पोटात बाई होत्या आणि त्या रडत होत्या. आवाज न करता. डॉक्टरांना ते दिसत नव्हतं, माझ्या पत्र्याला ते कळत होतं. मग बाईंनी नाक पुसलं आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "जन्मभर लोकांना सांगत आलात ना, दुखलं तर हात वर करा? मग स्वतः का नाही केलात?"



बाई बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातातून हातोडी घेतली. "चला, आत बसा. ठोकळा धरा. दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून. बघू, कसा थरथरतो ते."

आणि काय सांगू! त्या वजनाखाली हात मुकाट्यानं स्थिर राहिला. आतून दोन टक आले आणि बाईंनी घाव घातला. एकसारखे चार ठोके, एकही इकडेतिकडे नाही. कारखान्यातसुद्धा मला इतकं सुरेल कोणी ठोकलं नव्हतं. जुना एकेक रिव्हेट काढून नवा बसवायला अकरा दिवस लागले. मधेमधे दोघं भांडायची, पण टकटकीतूनच. बाई चार-चार टक द्यायला लागल्या की डॉक्टर ओळखायचे, ओट्याचा विषय निघालाय.

इंजिन एका पाण्याच्या पिंपावर टांगून सुरू केलं. त्यानं आधी खोकून खोकून वाळत घातलेल्या चादरी काळ्या केल्या, मग शहाण्यासारखं चालू लागलं. मला निळा रंग मिळाला. तीन पोचे मात्र तसेच राहिले. डॉक्टर पुट्टी घेऊन आले होते, बाईंनी ती परत पाठवली.

मुदतीला तीन दिवस उरले असताना आम्ही तलावावर गेलो. सल्लागार थर्मास घेऊन हजर. मी पाण्यात उतरले. किती वर्षांनी! अंगाखालून पाणी सरकलं आणि मला मोजणीदाराचं "शाब्बास" आठवलं. डॉक्टर आणि बाई चढून बसले. एवढ्यात बाईंच्या चपला भिजल्या. पाणी आत येत होतं, भराभर.

"मी म्हटलं होतं, गम फासा!" काठावरून सल्ला आला.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझेच," ते म्हणाले. "ते पहिले आठ मी मारलेत. तेच गेले."

मला ठाऊक होतं काय झालंय. पण सांगणार कशी? ओरडता येत नाही, हात वर करता येत नाही!

बाईंनी वाकून पाहिलं. "तुमचे आठ कोरडे आहेत. माझे अठ्ठावीसही. पाणी मागून येतंय. अहो, बूच कुठाय?"

आत साचलेलं पाणी काढायला माझ्या मागच्या पत्र्यात खाली एक भोक आहे. पाण्यात उतरण्याआधी त्याला बूच लावायचं असतं. ते हरवू नये म्हणून डॉक्टरांनी फार जपून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

ते घेऊन डॉक्टर वाकले. हात थरथरला, बूच भोकाच्या कडेला आपटलं. पुन्हा तेच. बाई हातभर अंतरावर होत्या. एका क्षणात घेऊन लावता आलं असतं त्यांना. त्यांनी घेतलं नाही. तिसऱ्या खेपेला बूच घट्ट बसलं आणि बाई मगानं पाणी उपसायला लागल्या.

मग दोरी ओढली, इंजिन बोललं आणि आम्ही निघालो. सुकाणू बाईंच्या हाती. लव्हाळ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

काठ थोडा मागे पडल्यावर सल्लागारांची हाक आली, "डॉक्टर! मघाशी बोट उतरवताना कुशीवर पोचे दिसले हो! कशानं पडले?"

एरवी डॉक्टर म्हणाले असते, पत्रा मऊ आहे. त्यांचा उजवा हात सवयीनं खिशात होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि सरळ वर केला. भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असा. हात थरथरत होता आणि त्यांनी तो तसाच वर धरून ठेवला.

सल्लागारांना पोच्यांचं उत्तर मिळालं. मग त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि आपलाही हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठलाही सल्ला दिला नाही.

"दुखतंय का हो?" बाईंनी विचारलं.

"आता नाही," डॉक्टर म्हणाले.

अशी मी आता ठणठणीत आहे. दर रविवारी तलावावर जाते, बाकीचे दिवस पोर्चमध्ये सावलीला. भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवरून गेला आणि तिथे बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलंय, "बूच." मला कुठे पाहिलंत, तर माझे पोचे भरून द्यायला निघू नका. तेवढे तीन माझ्या मालकाच्या हातचे आहेत.

आणि एक विनंती. ओटा अजून तसाच खचलेला आहे. तुमच्या ओळखीत कोणी गवंडी असेल तर जरूर पाठवा. फक्त येताना त्याला मागच्या दारानं आणा, आणि घमेलं माझ्या नजरेला पडू देऊ नका.