कासुबाची चौदा नावं

कासुबाला अळंब्यांचा जाणकार नेमलं, हे ऐकून न्कांदूला हसू आवरेना.

बावीस वर्षं हा माणूस दूर कित्वे शहरातल्या तांब्याच्या खाणीत होता. गावी परतला तो चकचकीत बूट आणि थोडं इंग्रजी घेऊन. गावच्या मुख्याला तेवढंच पुरलं. शहरातून लोंबे नावाची मुलगी आली होती, रानातल्या खायच्या अळंब्यांची नावं लिहून घ्यायला. चाळीस पावसाळे ते रान तुडवलेल्या न्कांदूला, म्हणजे कासुबाच्या थोरल्या भावाच्या विधवेला, मुख्याने टोपली धरायला पाठवलं.

"वहिनी, मागे राहा. मध्ये बोलू नका," कासुबा म्हणाला.

"मी कशाला बोलतेय, भावजी? माझ्या पायात कुठे बूट आहेत!"

पहिल्याच वारुळावर छत्रीएवढी अळंबी उभी होती. शेंबडं पोरही तिला इचिकोलोवा म्हणतं. कासुबाने कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "ही राजाची टोपी."

लोंबेने लिहून घेतलं.

दुपारपर्यंत त्याने सतरा नावं सांगितली. त्यातली चौदा वाटेतच जन्माला घातलेली. न्कांदू ओठ मिटून मागे चालत होती. तिला मजा वाटत होती. त्या मुलीची तर तिला कीवही येईना. वही सुरेख, अक्षर मुंगीसारखं बारीक, पण टोपलीवाल्या बाईकडे तिने एकदाही मान वळवली नव्हती.

मुसुकूच्या झाडांखाली पांढऱ्या अळंब्या दिसल्या तसा कासुबा ओरडला, "तेंते! आणि ही बघा खूण, मॅडम. किड्यांनी कुरतडलीय. किड्याला चालते ती माणसाला चालते." त्याने टोपली भरली. "घरी न्या. शेंगदाण्याचं कूट घालून शिजवा, मक्याच्या घट्ट उब्वालीबरोबर खा. बोटं चाटत राहाल."

"आज रात्रीच करते, काका," लोंबे म्हणाली.

न्कांदूची मजा तिथेच संपली. ही खायची तेंते नव्हती, तिच्यासारखी दिसणारी विषारी होती. ती लहान असताना शेजारच्या घरातली तीन माणसं याच अळंबीने एका आठवड्यात गेली होती. तिने टोपली उपडी केली आणि अळंब्या टाचेने चिरडल्या.

"वहिनी! वेड लागलं का?"

"किड्याचं आणि तुमचं आतडं एकच असेल, भावजी. या पोरीचं नाही. एवढी खात्री आहे तर ही घ्या, राहिलीय एक. इथेच चूल मांडते. तुम्ही आधी खा."

कासुबाने अळंबीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "आज माझं पोट जरा बरं नाही."

"सकाळी तीन वाडगी ओरपताना बरं होतं."

लोंबेचा चेहरा उतरला. "आजी, मग आधीची नावं?"

"चौदा खोटी."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तू विचारलंस?"

लोंबेने वही मिटली. म्हणाली, "आता विचारते."

"उद्या उजाडता ये. वही घरी ठेव. टोपली तू धरायचीस."

लोंबे अकरा दिवस आली. कुठल्या झाडाखाली काय उगवतं, देठ मोडला की दूध कसं येतं, कशाचा वास कसा, हे सगळं चुकत, बोलणी खात शिकली. न्कांदूने तिला एकदाही शाबासकी दिली नाही. पण मुलगी सतरंजीवर बसून रात्री आठवून आठवून लिहिते, हे तिच्या कानावर आलं होतं.

कोरडा हंगाम लागल्यावर शहरातून अळंब्यांच्या नावांचा छापील तक्ता आला. नावं सगळी बरोबर होती. खाली आभार मात्र मुख्याचे आणि श्री. कासुबा यांचे. लोंबेची चिठ्ठी सोबत होती: मी तुमचंच नाव लिहिलं होतं, आजी, कचेरीत बदललं, मी भांडतेय.

मुख्याच्या बायकोने ते वाचून दाखवलं. कासुबाने तक्ता आपल्या दाराशेजारच्या भिंतीवर ठोकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवू लागला.

"राहू द्या लटकत," न्कांदू म्हणाली. "पुढच्या पावसात भिंतीला तेवढीच ओल कमी लागेल."

संध्याकाळी तिने वाळवलेल्या अळंबीचं एक वाडगं त्याच्या घरी नेलं आणि त्याच्या बायकोच्या हातात ठेवलं. त्या बाईचा काही दोष नव्हता.