नववं फूल

स्तारी ब्रोद गावातल्या आमच्या क्लबातला बॉयलर आणि तो पेटवणारा सावेली लुकिच, दोघांचाही स्वभाव एकच. आधी भरपूर धूर, मग जराशी ऊब. गेल्या उन्हाळ्यात तपासनीस आला, बॉयलरभोवती एक फेरी मारली, खोकला आणि लेखी देऊन गेला की थंडी पडायच्या आत गॅस घ्या, नाहीतर क्लबला कुलूप. आमचा गायकवृंद मग जिल्ह्याच्या गायकवृंदात विलीन होणार होता. विलीन म्हणजे काय ते सांगायला नको. जिल्ह्याला जायला बस आहे, पण ती येते तिच्या मर्जीनं, आणि आमच्या बायकांचे गुडघे त्यांच्या मर्जीनं. दोघांच्या मर्जी जुळायच्या नाहीत. सरळ बोलायचं तर आमचं गाणं बंद पडणार होतं.

मी नोन्ना पाव्लोव्ना, अ‍ॅकॉर्डियन वाजवते. नवरा गेला, मुलगी लांब नोकरीला. घरी बोलायला फक्त रेडिओ, आणि तोही हल्ली एकाच माणसाबद्दल बोलतो. तालमीची संध्याकाळ गेली तर मी काय करणार होते, या विचारानं मी रात्री उठून अ‍ॅकॉर्डियन पुसत बसायचे. कुणाला बोलले नाही, पण बसायचे.

आमच्या संचालिका एल्विरा तिखोनोव्ना ओठ रंगवून, ठेवणीतला कोट घालून जिल्ह्याला गेल्या आणि संस्कृती खात्याचे साहेब रुस्लान इग्नात्येविच यांच्यासमोर उभ्या राहिल्या. साहेब नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडचे साहेब नाही कधीच म्हणत नाहीत, ते बघू म्हणतात. शरदात आपल्या राष्ट्रनेत्यांच्या वाटचालीचा समारंभ सगळीकडे व्हायचा आहे, तुमच्याकडचा बघायला मी स्वतः येतो, चांगला झाला तर गॅसचं बघू, असं म्हणून त्यांनी वरून आलेला कार्यक्रम एल्विराबाईंच्या हातात ठेवला.

कार्यक्रम सोपा होता. नेत्यांच्या आयुष्यातले आठ टप्पे. प्रत्येक टप्प्याला एक बाई रंगमंचावर येणार, एक वाक्य म्हणणार, तसबिरीसमोरच्या फुलदाणीत एक लाल डेलिया ठेवणार आणि बाजूला उभी राहणार. शेवटी सगळ्यांनी गायचं. जन्म, शाळा, मग देशसेवा, ती कसली ते लिहिलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. मग राजधानीचं बोलावणं. मग निवड. त्यानंतरचे तीन टप्पे शब्दाला शब्द सारखे होते: लोकाग्रहास्तव पुन्हा निवड.

इथूनच भांडणं सुरू झाली. जन्म सगळ्यांना हवा होता, कारण त्यात आईचा उल्लेख होता आणि आवाज जरा ओला करता येत होता. तो टपाल कचेरीतल्या कापितोलिनानं पटकावला. लोकाग्रहास्तव कुणालाच नको होतं. तिघींनी लागोपाठ येऊन एकच वाक्य म्हणायचं म्हणजे लोकांना वाटणार, पहिली चुकली म्हणून दुसरीला पाठवली. एल्विराबाईंनी शेवटी दम भरला की नेते कंटाळले नाहीत तर तुम्ही कोण कंटाळणार. मग तिघी मुकाट तयार झाल्या.

तालीम छान झाली. डेलिया माझ्याच बागेतले होते, पहिल्या गारठ्यातून वाचलेले, वाटीएवढे मोठे. कापितोलिना लांब उभी राहून तसबीर, फुलदाणी आणि फुलं बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"बायांनो," ती म्हणाली, "ही आठ आहेत."

आम्ही मोजली, मग पुन्हा मोजली. जिवंत माणसाला आम्ही एक फूल देतो, तीन देतो, पाच देतो. सम संख्येची फुलं फक्त कबरीवर जातात. दोन वर्षांच्या पोराला विचारा, तोही सांगेल. आणि आमच्यासमोर तसबीर, तिच्यापुढे आठ फुलं आणि बाजूला काळ्या झग्यातल्या आठ बायका. आता फक्त पाद्री बोलवायचा राहिला होता.

रुस्लान इग्नात्येविच तर असे की काळं मांजर आडवं गेलं तर गाडी वळवून दुसऱ्या गावातून कचेरीला जाणारे. आठ फुलं दिसताच ते दारातूनच मागे फिरले असते, आणि आमचा गॅस त्यांच्यामागोमाग.

एक टप्पा गाळावा तर कोणता? जन्म गाळता येत नव्हता. शाळा गाळली तर अर्थ भलताच निघत होता. एखादं लोकाग्रहास्तव गाळावं असं मी म्हटलं, तर एल्विराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे घट्ट करायला लागले. एकीनं सुचवलं, एका टप्प्याला दोन फुलं वाहू. कोणत्या? पहिल्या निवडीला दोन वाहिली तर पुढच्या निवडी कमी मोलाच्या ठरतात, शेवटच्या निवडीला वाहिली तर आधीची सगळी वर्षं नुसता सराव ठरतात. कापितोलिना म्हणाली, एखादीनं कळी आणावी, कळी मोजत नाहीत. तिच्या सासूबाई मोजत नसत. पण दुसरीच्या सासूबाई मोजत असत, आणि त्या दोन मेलेल्या सासवांच्या नावानं अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे एक टप्पा वाढवायचा, दुसरा इलाज नव्हता. पण नेत्यांच्या आयुष्यात नवा टप्पा घालणारे आपण स्तारी ब्रोदवाले कोण?

तेवढ्यात मागच्या रांगेतून लुकिचनं हात वर केला. लुकिच बॉयलर पेटवतो आणि आमच्यात खर्जही लावतो. शाळेत असल्यापासून त्याला हात वर करून बोलायची सवय, ती सत्तरी उलटली तरी गेली नाही.

"एक टप्पा राहिलाय की," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आयुष्यात येतो. माझ्यासुद्धा आला. पेन्शन."

आठही बायका छताकडे बघायला लागल्या. छताला एक ओलीचा डाग आहे, तो इतक्या बारकाईनं आम्ही कधीच पाहिला नव्हता. मला आतून हसू फुटत होतं, ते मी खोकल्यावर भागवलं.

"सावेली लुकिच," एल्विराबाई अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "जरा बॉयलर बघून या."

सप्टेंबरात बॉयलर थंडगार पडलेला असतो. लुकिच गेला, बघून आला. पण येताना त्याला खरंच काहीतरी सुचलं होतं. आल्या आल्या त्यानं विचारलं की ती गाडी आठवते का.

आठवते का म्हणजे काय! गावात तिच्याइतकं मोठं काही घडलंच नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी हुकूम आला होता की नेत्यांची खास गाडी आपल्या रुळांवरून जाणार आहे. आठवडाभर अख्खं गाव कुंपणं रंगवत होतं, फक्त रुळांकडची बाजू. लुकिचच्या कुंपणाची आतली बाजू अजून तशीच उघडी लाकडाची आहे. त्या दिवशी आम्ही सकाळपासून फलाटावर उभे होतो. एल्विराबाईंच्या हातात नक्षीदार रुमालावर स्वागताचा पाव आणि मीठ, माझ्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. दुपारी गाडी आली, आली म्हणेपर्यंत गेली. सगळे पडदे ओढलेले. वाऱ्यानं मीठ उडालं ते नेमकं कापितोलिनाच्या डोळ्यांत गेलं. लुकिच आजही शपथेवर सांगतो की तिसऱ्या डब्यातला पडदा हलला होता. आम्ही तो पाव तिथेच फलाटावर खाल्ला आणि घरी आलो.

"हे त्यांच्या आयुष्यात घडलंय ना?" लुकिच म्हणाला. "आपण कुठे काही रचतोय?"

एल्विराबाईंनी कार्यक्रमाच्या कागदावर आठच्या खाली नऊ लिहिलं. मग त्यांनी विचारलं, वाक्य कोण म्हणणार? आठही बायकांना एकेक टप्पा होता, माझे दोन्ही हात अडकलेले. उरला लुकिच. एल्विराबाईंना घाम फुटला. रंगमंचावर माईकसमोर, साहेबांच्या पुढ्यात, एकटा लुकिच, आणि त्याच्या डोक्यात तो पेन्शनचा टप्पा. समारंभाच्या दिवसापर्यंत त्यांनी ते वाक्य त्याच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की त्याची बायको सांगत होती, तो झोपेतही तेच बरळतो.

समारंभाला क्लब गच्च भरला. रुस्लान इग्नात्येविच पहिल्या रांगेत बसले, गोल चेहरा, हातात फाईल. बायका एकामागोमाग एक आल्या. जन्माला कापितोलिना खरंच रडली, लोकाग्रहास्तवला मागे कुणीतरी फिसकलं, पण ते शिंकेत खपून गेलं. आठवं फूल फुलदाणीत गेलं आणि साहेबांचे ओठ हलायला लागले. ते मोजत होते. अपशकुन टळावा म्हणून त्यांचा हात हळूच खुर्चीच्या लाकडाला लागला.

तेव्हा लुकिच आला. लग्नातला कोट, हातात नववा डेलिया. माईकसमोर उभा राहिला आणि काही बोलेना. एल्विराबाई पडद्याआड डोळे मिटून उभ्या होत्या. त्या बॉयलर, बॉयलर असं पुटपुटत होत्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"नववा टप्पा," लुकिच खर्जात म्हणाला. "ते स्तारी ब्रोदवरून गेले. थांबले नाहीत."

त्यानं फूल ठेवलं आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

थट्टा आहे की स्तुती, हे कुणालाच कळत नव्हतं, आणि साहेबांनी काय करावं ते साहेबांना तर मुळीच कळत नव्हतं. हा टप्पा नाही म्हणावं, तर नेत्यांचं जाणं क्षुल्लक ठरतं. आहे म्हणावं, तर तो वरच्यांना कसा ठाऊक नाही? शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या, आधी हळू, मग जोरात. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नंतर कोबी भरलेल्या पिरोगी आणि चहा घेताना त्यांनी हळू आवाजात चौकशी केली. गाडी खरंच गेली होती? पाहिलं कुणी? एल्विराबाईंनी सभागृहाकडे वळून विचारलं, कुणी पाहिलं? सगळ्यांचे हात वर गेले. तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्यांचेसुद्धा. तिसऱ्या डब्याचा पडदा हलला होता, असं लुकिचनं पुन्हा शपथेवर सांगितलं, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. जाताना ते एल्विराबाईंना म्हणाले, गॅसचं झालंच म्हणून समजा.

आणि आश्चर्य म्हणजे ते खरंच झालं. ऑक्टोबर सरता सरता जमीन खणणारं यंत्र गावात शिरलं. आम्ही सगळ्या रस्त्यावर धावलो, एकमेकींना मिठ्या मारल्या. मला चक्क रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही. यंत्र आमच्या रस्त्यानं खणत आलं, नळ टाकत आलं, क्लबापर्यंत आलं आणि क्लबावरून पुढे गेलं. थांबलं नाही.

एल्विराबाई चिखलातून त्याच्यामागे धावल्या. यंत्रावरच्या माणसानं त्यांना कागद दाखवला: गॅस द्यावयाचे ठिकाण, ऐतिहासिक फलाट, स्तारी ब्रोद स्टेशन. तिथल्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर काळ्या दगडाची पाटी लागली. त्या पाटीवर सोन्याच्या अक्षरांत लुकिचचं वाक्य होतं, फक्त 'थांबले नाहीत' च्या जागी 'थेट पुढे गेले' असं केलं होतं. खाली नवेकोरे रेडिएटर बसवले. आमच्याकडे गाडी थांबणं कधीचंच बंद झालंय, त्यामुळे तिथे ऊब घ्यायला कुणी नव्हतं. क्लबला मात्र ठरल्याप्रमाणे कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या, हातात स्टेशनची किल्ली. कुठून मिळवली ते विचारू नकोस म्हणाल्या. आम्ही खुर्च्या, नोटेशनची पुस्तकं, तसबीर आणि चहाचा समोवार हातगाडीवर घालून स्टेशनात नेलं. त्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच कोट काढून गायलो. मधूनच मालगाडी धडधडत जायची, तेव्हा आम्ही एक ओळ थांबायचो आणि मग पुढे गायचो.

यंदाच्या शरदात नवा कार्यक्रम आला. एल्विराबाईंनी पाटीखाली उभं राहून तो वाचून दाखवला. आमचा नववा टप्पा आता अधिकृत झाला होता, सगळ्या प्रांतानं तो म्हणायचा होता. आम्ही हरखून गेलो. लुकिचच्या पाठीत तर कापितोलिनानं असा धपका घातला की त्याचा चष्मा पडला. एल्विराबाई मात्र पुढची ओळ वाचता वाचता अडल्या. खाली आणखी एक टप्पा होता, नवाकोरा, ताजा. लोकाग्रहास्तव पुन्हा निवड.

कापितोलिनानं बोटांवर मोजलं. एक हात संपला, दुसरा हात संपला, आणि ती दोन्ही हात तसेच समोर धरून आमच्याकडे बघत राहिली.

या छताला ओलीचा डागसुद्धा नाही, बघायला जागा नव्हती. मागच्या रांगेत लुकिचनं हात वर केला.

"सावेली लुकिच," एल्विराबाई सवयीनं म्हणाल्या, "जरा बॉयलर..."

आणि त्या थांबल्या. रेडिएटर आपोआप तापत होते. लुकिचला पाठवायला बॉयलर नव्हता, आणि त्याचा हात वरच होता.