रिकामी परतलेली डोली

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. म्हणून माझ्यापुढे कधी वाजंत्री वाजली नाहीत.

दाभोशाजवळच्या आमच्या पाड्यात सोळा घरं. संस्थानाचा दवाखाना जव्हारला, म्हणजे दिवसभराची चढण. पाड्याने सामाईक कणगी ठेवली होती. कापणीनंतर प्रत्येक घराने तिच्यात पायलीभर नागली टाकायची आणि ज्याच्या घरात आजारपण येईल, त्याने त्यातून खायचं. एका वर्षी ताप पाड्याकडे फिरकलाच नाही. कणगी भरलेलीच राहिली.

"वाटून खाऊ," लक्ष्या म्हणाला.

कणगी सांभाळणारी म्हातारी हौशी भडकली. "आजारासाठी काढलेली, आजारालाच लावायची! आजारी बुधाला पाठीवर नेला, वाटेतच गेला. इसरलास?"

उरलेली नागली मोखाड्याच्या बुरुडाला दिली आणि त्याने मला विणलं. मग मी आजाऱ्याची वाट पाहू लागले. कोणी आजारीच पडेना.

लक्ष्याने पुन्हा तोंड उघडलं. "तीन वरसं नागली घालतोय. मी आजारीच पडत नाय. मना काय मिळला?"

पाड्याने यावर गंभीरपणे विचार केला. ठरलं की निरोगी माणसाला वर्षातून एकदा डोलीत फिरवायचं. बाबल्या स्वतःच्या शेतापर्यंत गेला, भाताकडे वरून पाहिलं आणि परत आला. पुतळीने सोबत कोंबडी घेतली. लोक वाहणाऱ्यांशी बोलत, कोंबडीशी बोलत. सारखं कोणीतरी माझ्यात बसलेलं असे, आणि तरी इतकी एकटी मी कधीच नव्हते.

लक्ष्याने आपली पाळी सासुरवाडीला जायला वापरली. आम्ही नदीपाशी पोचतो तोच मागून हौशी धापा टाकत आली.

"उतर रे मेल्या! माझी सून फागी तापानं बरळतेय!"

"पण आये, माझी पाळी..."

"पाळीच पायजे ना? मंग फागीच्या जागी जाऊन नीज!"

लक्ष्या उतरला. परत पाड्यावर येऊन त्याने फागीला उचलून माझ्यात निजवलं आणि दांड्याखाली खांदा दिला, तो जव्हारपर्यंत काढला नाही. सारी वाट फागीने माझा काठ घट्ट धरला होता. मला धरणारं ते पहिलंच माणूस.

सातव्या दिवशी ती पायी घरी निघाली. तिच्यामागून मी रिकामी. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस, आणि माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

निरोग्यांच्या फेऱ्या बंद झाल्या. त्यानंतर उरलेली नागली बाळंतिणींना जाऊ लागली. मी हौशीच्या आढ्याला टांगलेली असते. कधी फागी येते, काठावरून हात फिरवते आणि कामाला जाते.

मित्रांनो, दर कापणीला माझ्या दोऱ्या ओढून पाहा. कीड लागू नये म्हणून धूर द्या. मग मला पुन्हा टांगा आणि एकटीला राहू द्या. मला करमत नाही. तरी एकटीलाच राहू द्या.